थायरॉइडच्या गोळीने महाधमनीचा फुगवटा उतरत नाही

वडिलांचा टीएसएच (थायरॉइड कमी पडला की वाढणारा आकडा) 14, पोटाच्या सोनोग्राफीत महाधमनी, म्हणजे पोटातली मुख्य रक्तवाहिनी, फुगून 4.1 सेंटिमीटर, आणि तुमचा प्रश्न, "आधी थायरॉइड आटोक्यात आणला तर फुगवटा आपोआप कमी होईल ना?" वाचून 2016 चं आमचं घर आठवलं. नाही होणार. आम्हीही तो आपोआप कमी होईल असंच धरून बसलो होतो.

माझ्या वडिलांची, अण्णांची, सोनोग्राफी मुतखड्यासाठी केली होती. दुसऱ्या पानावर, किडनीच्या मापांखाली एक ओळ: महाधमनी 4.2. शेवटच्या निष्कर्षात फक्त मुतखडा! फॅमिली डॉक्टरांनी त्या ओळीवर बोट ठेवलं म्हणून कळलं. इतकी मोठी गोष्ट निष्कर्षात न लिहिणाऱ्या त्या सेंटरचा राग अजून जात नाही.

पण पुढची चूक आमचीच. थायरॉइड कमी पडला की एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) चढतं, खालचा बीपी वाढतो, रक्तवाहिन्या ताठरतात, हे खरंच आहे. आम्ही त्यावरून सगळं खापर थायरॉइडवर फोडलं. दर तीन महिन्यांनी टीएसएच, आकडा वहीत. 9, मग 6, मग 3.1. त्या दिवशी पेढे आणले. सोनोग्राफी मात्र तीन वर्षं केलीच नाही, कारण पोटात काही दुखत नव्हतं. अण्णांची सिगारेटही चालूच. 2019 मध्ये माप आलं 5.4. पुरुषांमध्ये 5.5 च्या आसपास ऑपरेशनचा विचार होतो. पुढे जांघेतून स्टेंट (रक्तवाहिनीला आतून आधार देणारी नळी) घातला. आता बरे आहेत, पण ते दिवस नकोत.

मी डॉक्टर नाही, तुमच्या वडिलांचं त्यांचे डॉक्टरच ठरवतील. तरी माझं ठाम मत: गोळी चालू ठेवा, पण या आठवड्यात व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांच्या) सर्जनना भेटा आणि पुढच्या सोनोग्राफीची तारीख घेऊनच बाहेर पडा. या मापाला साधारण वर्षाला एकदा सांगतात. सिगारेट असेल तर ती आजच बंद, यात तडजोड नको.

सीटी अँजिओ (औषध टोचून रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन) सांगितली तर थायरॉइडचं आधी कळवा, त्या औषधात आयोडीन असतं. लघवीच्या इन्फेक्शनला कोणी सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं तर फुगवट्याचं सांगा. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणाऱ्या संस्थेने) 2018 मध्येच असा फुगवटा असलेल्यांसाठी त्या औषधाबद्दल इशारा दिलाय.

आणि हो, सर्जननी आम्हा दोघा भावांनाही तपासून घ्यायला सांगितलं होतं. माझं 1.9 आलं, म्हणजे फुगवटा नाही. तुमच्याबद्दलही त्याच भेटीत विचारा.