फुलांत न बसता फुलांत दिसायचं कसं?

वाचकांचे प्रश्न

साताऱ्यात फोटो स्टुडिओ चालवणारे आणि उरलेला वेळ पठारावर नाही तर नदीकाठी घालवणारे आमचे छायाचित्रकार मित्र या महिन्यात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देत आहेत.

प्री-वेडिंगची गिऱ्हाइकं मोबाइलवर फोटो दाखवतात : कासच्या फुलांच्या मधोमध बसलेलं जोडपं. ‘सेम असाच पाहिजे.’ नाही म्हटलं तर बुकिंग जातं, हो म्हटलं तर मनाला खातं. तुम्ही काय करता?
– एक स्टुडिओचालक, कराड

बुकिंग जातं, हे खरं आहे. माझीही गेलीत. त्यातली दोन तर आमच्या भावकीतली होती.

पण शहाणपण शिकवायचा अधिकार मला नाही, म्हणून आधी स्वतःचंच सांगतो. पंधराएक वर्षं झाली असतील. सप्टेंबर होता, पाऊस नुकता उघडलेला. मला दवबिंदूचा क्लोजअप पाहिजे होता. बोटभर उंचीचं रोपटं ते. पानांवर लालसर केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. चिलट त्यावर बसलं की सुटत नाही. कातळावरची माती ओंजळभर, तीही पावसानं धुऊन निघालेली, तिच्यात खायला काही नाही. म्हणून हे किडे खातं. मी मॅक्रो लेन्स लावून पोटावर आडवा झालो आणि अर्धा तास तसाच पडून राहिलो. फोटो झकास आला.

उठलो तर मागे गुरं घेऊन आलेले एक काका उभे. ते काही बोलले नाहीत, नुसती काठी जमिनीकडे केली. मी जिथं पडलो होतो तिथं माझा आख्खा ठसा होता. कोपरं, पोट, गुडघे, बुटांची टोकं, सगळं वेगवेगळं ओळखू येत होतं. आणि त्या ठशात चेपलेली सीतेची आसवं, ती निळी निळी फुलं. काका म्हणाले, “हा बी तुमचाच फोटू की.”

दवबिंदूचा तो फोटो मी मोठा करून स्टुडिओत लावला होता. गिऱ्हाईक त्याचं कौतुक करायला लागलं की मला तो ठसाच दिसायचा. शेवटी उतरवून ठेवला.

आता धंद्याचं बोलू. फुलांत बसलेलं दिसण्यासाठी फुलांत बसावं लागत नाही, हे गिऱ्हाइकाला माहीत नसतं. आपल्याला माहीत असायला पाहिजे. जोडप्याला आखलेल्या वाटेवर उभं करा. तुम्ही त्याच वाटेवर पन्नास-साठ पावलं मागे या, वाट जिथं वळते तिथं. कॅमेरा गुडघ्याच्या खाली आणा, 200 मिमी लेन्स लावा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा. तुमच्या आणि त्यांच्या मधला तेरडा एकमेकांत मिसळून गुलाबी धुकं होतो, वाट त्याच्याखाली झाकून जाते आणि जोडपं फुलांच्या समुद्रात कमरेपर्यंत बुडाल्यासारखं दिसतं. मोबाइलवरच्या त्या ‘सेम’ फोटोपेक्षा हा उजवा येतो. मी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून गिऱ्हाइकाला दाखवतो. बहुतेक जण हाच घेतात. मात्र आधी नाक्यावरच्या, पठाराची राखण करणाऱ्या समितीच्या पोरांना विचारायचं. आसपासच्या गावांतलीच पोरं आहेत ती. शूटिंगला नाही म्हणाली तर नाही. तिथं ओळख काढून आत घुसणारे आपल्याच धंद्यातले आहेत, आणि त्यांची नावं त्या पोरांना पाठ आहेत.

पठारावर जायचं तर कोणता कॅमेरा घ्यावा? बजेट कमी आहे.
– एक विद्यार्थी, इस्लामपूर

हातातला मोबाइल पुरे. वाचलेल्या पैशांत रेनकोट घे आणि साताऱ्याहून एसटीनं तीनदा जा : ऑगस्टअखेर, सप्टेंबरमध्ये, ऑक्टोबरच्या सुरुवातीला. तिन्ही वेळा वेगळं पठार भेटेल. गेंद, तेरडा, सोनकी यांच्या पाळ्या ठरलेल्या असतात. टोपली कारवी तर सात वर्षांनी येते, ती काही तुझ्या सुट्टीची वाट बघत नाही.

आमच्या गावाजवळ कृष्णेच्या मळीत, म्हणजे काठच्या गाळाच्या जमिनीत, मगरीचं घरटं आहे म्हणतात. पिल्लं बाहेर पडताना फोटो काढायचा आहे. किती जवळ जाता येईल?
– एक शिक्षक, पलूस तालुका

गुरुजी, जाऊच नका. भिलवडी-औदुंबर पट्ट्यात मीही चार उन्हाळे फिरलोय, ते समोरच्या काठावरून. मादी उन्हाळ्यात काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते आणि दोनेक महिने आसपासच असते. पिल्लं आतून आवाज द्यायला लागली की माती उकरून त्यांना जबड्यात धरून पाण्यात नेते. तुम्ही जवळ गेलात तर एक तर ती तुमच्यावर येईल, नाही तर घरटं सोडून हलेल आणि मागे घोरपड, कुत्री अंडी फस्त करतील.

आणखी एक. तुमचा फोटो गावच्या ग्रुपवर गेला की दुसऱ्या दिवशी तिथं पन्नास माणसं काठ्या घेऊन उभी राहतील. त्यांनाही मी नावं ठेवत नाही; त्याच घाटावर त्यांची बायकापोरं धुणं धुतात, मोटर चालू करायला रात्री तिथंच उतरावं लागतं. मगरीनं माणूस ओढल्याच्या घटना आपल्याकडे घडल्या आहेत. म्हणून घरटं दिसलं की फोटो नको, वनखात्याला फोन करा. शाळेतल्या पोरांना घरटं कुठं आहे हे सांगा, ते दाखवायला घेऊन जाण्यासाठी नाही, तर त्या वाटेनं जायचं नाही म्हणून.

तुम्ही कंदीलफुलाचे फोटो टाकता, पण ठिकाण कधीच लिहीत नाही. हा कंजूषपणा नाही का?
– एक वाचक, मिरज

आहे. कंदीलफूल म्हणजे खरचुडी, तिचा कंद लोक उकरून खातात. हौशी मंडळी कुंडीत लावायलाही नेतात. कुंडीत ती बहुधा मरते. ठिकाण विचारण्यापेक्षा फूल बघा : माशी वासाला भुलून नळीत शिरते, आतले केस खालच्या दिशेला वळलेले असल्यानं अडकते, पुढे केस सुकले की परागकण अंगावर घेऊन सुटते. हे सगळं फोटोत दिसतं, त्यासाठी पत्ता लागत नाही.

पुण्या-मुंबईच्या गॅलऱ्या सोडून तुम्ही देवळाच्या सभामंडपात फोटो लावता. तिथं कोण बघतं?
– एक वाचक, सांगली

कासच्या वरच्या अंगाला एका गावात लावले होते. एका पिवळ्या फुलाखाली मी पाटी लिहिली होती ‘मिकी माऊस’, कारण पर्यटक त्याला तेच म्हणतात. सत्तरीच्या एक आजी बराच वेळ फोटोसमोर थांबल्या. मग नातीला म्हणाल्या, “ह्यो कवला. मिकी कोन?” मी विचारल्यावर त्यांनी मला उभ्या उभ्या भाजी सांगितली : कोवळी पानं खुडायची, लसूण-मिरचीची फोडणी, भिजवलेली तूरडाळ, वाफेवर शिजवायची, पाणी घालायचं नाही. फोटोतली जात नेमकी भाजीची नाही, तिची बहीण आहे, हेही पान बघून त्यांनीच सांगितलं.

मी पाटी उतरवली आणि मागच्या बाजूला नवी लिहिली : कवला, आणि खाली भाजी. पुढच्या गावात दोन बायका तिथं उभ्या राहून भांडत होत्या, डाळ तुरीची की हरभऱ्याची.