बर्फाळ हिवाळ्यात परसातल्या पक्ष्यांना दाणे ठेवले तर त्यांना सवय लागते का?

यंदाच बर्फाच्या मुलखात राहायला आलात, मागच्या झाडावर इवले पक्षी येतात, त्यांना दाणे घातले तर ते आपल्यावर विसंबून राहतील अशी भीती वाटते, असं तुम्ही लिहिलंय. जाता जाता एक ओळ अशीही आहे की इथं शेजारी म्हणून कुणी दिसतच नाही. माझ्या अनुभवात हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले निघाले, म्हणून दोन्हींबद्दल लिहिते.

आधी सवयीचं. ती लागत नाही, खुशाल दाणे ठेवा. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात चिकडी या पक्ष्यावर याच प्रश्नाचा अभ्यास झाला आहे. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत फीडर, म्हणजे पक्ष्यांसाठी टांगलेली दाण्यांची भांडी, असलेल्या भागातल्या ६९ टक्के चिकडी हिवाळा पार करू शकल्या. जिथं फीडर नव्हते तिथं हे प्रमाण ३७ टक्के होतं. फरक पडला तो मुख्यतः कडाक्याच्या थंडीत. पुढं त्याच संशोधकांनी वर्षानुवर्षं दाणे मिळणाऱ्या ठिकाणचे फीडर काढून घेतले आणि वाट पाहिली. ते पक्षी कधीच फीडर न पाहिलेल्या पक्ष्यांइतकेच टिकले. पोटाची बरीचशी सोय ते रानातच करतात, आपले दाणे ही वरकड मदत. तेव्हा चार दिवस गावाला गेलात म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. फक्त बर्फाच्या वादळात फीडर रिकामा राहणार नाही एवढं बघा.

चिकडी तुमच्याकडेही येत असेल. काळी टोपी, पांढरे गाल, गळ्याशी काळा ठिपका. वजन जेमतेम ११ ग्रॅम, लिहायच्या दोन कोऱ्या कागदांएवढं. एवढासा जीव उणे वीस अंशांतली रात्र काढतो कशी, हे कळल्यापासून मला पहाटे खिडकीशी गेल्याशिवाय राहवत नाही. दिवसा तिच्या अंगाचं तापमान ४२ अंशांच्या आसपास असतं. रात्री ती ते दहा-बारा अंशांनी उतरवते, पिसं फुलवून झाडाच्या ढोलीत बसते आणि कुडकुडत ऊब निर्माण करते. दिवसभरात साठवलेली चरबी त्यातच जळते. म्हणून उजाडल्याबरोबर तिला दाणा लागतो आणि संध्याकाळी पुन्हा एकदा भरपेट खाऊन घ्यावं लागतं. दाणा उचलून ती तिथं थांबत नाही, एक बी घेते आणि उडते. यातल्या बऱ्याच बिया सालींच्या फटींत दडवून ठेवते आणि पुढं कित्येक दिवस त्या जागा तिच्या लक्षात असतात.

दाणे कोणते, तर काळ्या सालीच्या सूर्यफुलाच्या बिया. साल पातळ, तेल भरपूर. सुतार पक्ष्यांसाठी चरबीची वडी जाळीत टांगा. पाव नको, खारवलेलं काहीच नको. आणि उथळ ताटलीत न गोठणारं पाणी ठेवता आलं तर जरूर ठेवा. बर्फ खाऊन तहान भागवायची तर तो वितळवण्यात त्यांची ऊब खर्ची पडते.

आता शेजार. पहिल्या हिवाळ्यात मी फीडर खिडकीपासून चारेक मीटरवर टांगला होता, छान दिसावा म्हणून. आठवड्याभरात जंको नावाचा एक लहानसा पक्षी काचेवर आपटून बर्फात पडला. मी नुसती बघत उभी. पलीकडच्या घरातल्या आजी गमबूट घालून, हातात बुटांचं रिकामं खोकं घेऊन कुंपणाशी आल्या. तोवर आमचं बोलणं हात हलवण्यापलीकडे गेलं नव्हतं. त्यांनी जंकोला अलगद खोक्यात ठेवलं, झाकण लावलं आणि म्हणाल्या, "अंधारात, शांत राहू दे. पाणी पाजू नकोस. तासाभरानं बाहेर नेऊन उघड." उघडलं तेव्हा तो सरळ सूचिपर्णी झाडांकडे उडून गेला. फीडर एक तर काचेपासून मीटरभराच्या आत हवा, म्हणजे पक्ष्याला वेग घेता येत नाही, नाही तर दहा मीटरच्या पलीकडे हवा, हेही त्यांनीच सांगितलं. मी तो त्याच दिवशी खिडकीलगत आणला.

सगळं गोडच झालं असं नाही. उजवीकडच्या घरातून तक्रार आली की सांडलेल्या दाण्यांवर उंदीर येतात. त्यांचं बरोबर होतं. मी खाली ताट लावलं, दिवसापुरतेच दाणे भरू लागले, टरफलं झाडू लागले. त्या रागाची जागा हळूहळू चौकशीनं घेतली.

पण शेजाऱ्याची खरी गरज कळली ती २०२१च्या सुरुवातीला. त्या हिवाळ्यात पाइन सिस्किन नावाचे चिमणीहून लहान, पिवळसर रेघांचे पक्षी उत्तरेकडून थव्याथव्यानं उतरले होते. त्यातला एक फीडरखाली पिसं फुलवून बसला होता. मी अगदी हातभर अंतरावर गेले तरी उडाला नाही. मला वाटलं, विश्वास बसला माझ्यावर. दुसऱ्या दिवशी तो तिथंच मरून पडला होता. साल्मोनेला या जिवाणूची साथ होती. एका ताटातल्या विष्ठेतून ती थव्यात पसरते, आणि न उडणारा, फुगून बसलेला पक्षी हीच तिची खूण. ती ओळखता आली नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

वन्यजीव खात्यानं फीडर काढायला सांगितलं होतं. मी काढला. पण सिस्किनांना कुंपण कुठं कळतं? ते आजींकडे गेले. आजींनी काढल्यावर मागच्या गल्लीत. एकट्यादुकट्यानं फीडर काढून काही उपयोग नव्हता. म्हणून मी आणि आजी गुडघाभर बर्फातून घरोघर गेलो, जिथं जिथं फीडर दिसला तिथं दार वाजवलं. अकरा घरं. त्यातल्या नऊ घरांतल्या माणसांची नावं मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली, तीही दोन वर्षं त्याच गल्लीत राहून. एका घरानं नाही म्हटलं, आठवड्यानं मेलेला पक्षी सापडल्यावर स्वतःहून काढला. वसंतात सगळ्यांनी मिळून फीडर साबणानं घासले, मग एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा मिश्रणात बुडवून, पुन्हा स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून ठेवले. आता दर दोन आठवड्यांनी हे होतंच. कोण परगावी आहे, कुणाचा फीडर कोण भरणार, हे ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसता उपसता ठरतं.

तेव्हा फीडर विकत आणण्याआधी आजूबाजूच्या परसांत कुणाचा टांगलेला दिसतो का बघा आणि त्या घराचं दार वाजवा. काय येतं, ससाण्याच्या फेऱ्या कधी असतात, कुणाची मांजर मोकळी फिरते, हे तुम्हाला तिथंच कळेल. फेब्रुवारीत चार दिवस परसातल्या पक्ष्यांची गणना असते, १९९८पासून चालू आहे. १५ मिनिटं उभं राहून मोजायचं आणि यादी पाठवायची. आम्ही ती आजींच्या मागच्या पायऱ्यांवर उभं राहून करतो. मोजणारे दोघं असले की तोच नटहॅच पक्षी दोनदा मोजला का यावर वाद घालता येतो.