लँडफिल गॅसच्या इंजिनांसाठी परदेशी येताना

नैसर्गिक वायूवरच्या इंजिनांचा नऊ वर्षांचा अनुभव असताना लँडफिल गॅसच्या, म्हणजे गाडलेल्या कचऱ्यातून निघणाऱ्या वायूच्या, वीज केंद्रांवर देखभाल अभियंता म्हणून परदेशी यावे का, आणि पत्नी व सात वर्षांच्या मुलीला सुरुवातीपासूनच सोबत आणावे का, असे तुम्ही विचारले आहे. व्हिसाचे नियम सरकारी संकेतस्थळावर मिळतील, ते मी सोडून देतो.

इंजिन तुमच्या ओळखीचे असेल, त्यात जाणारा वायू नसेल. नैसर्गिक वायू बहुतांशी मिथेनच असतो. इथे मिथेन निम्म्याच्या आसपास, उरलेला मुख्यतः कार्बन डायऑक्साइड, आणि त्यासोबत ओलावा, हायड्रोजन सल्फाइड व सिलोक्झेन ही सिलिकॉनयुक्त संयुगे. शाम्पू आणि प्रसाधनांतून कचऱ्यात आलेले सिलोक्झेन जळले की त्यांची सिलिका होते आणि पिस्टनच्या माथ्यावर, व्हॉल्व्हवर, स्पार्क प्लगवर पांढरा कठीण थर चढतो, म्हणून इथे देखभालीच्या छापील वेळापत्रकापेक्षा इंजिनातल्या तेलाच्या तपासणीचा अहवाल अधिक मानावा लागतो. कचरा कुजून खचतो, तसा वायू वाहून नेणाऱ्या वरच्या नळ्यांना झोल पडतो, झोलात पाणी साठते आणि वायू काढण्यासाठी कचऱ्यात खणलेल्या काही विहिरींतून वायू येणेच थांबते. अशा वेळी वायू खेचणाऱ्या ब्लोअरची (पंख्याची) ओढ वाढवण्याचा मोह होतो. पण ओढ फार वाढली की जमिनीतून हवा आत शिरते, मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव ऑक्सिजनने मरू लागतात आणि कचऱ्याला आतल्या आत आग लागू शकते. पहिल्या हिवाळ्यात मला हा मोह आवरला नव्हता, आणि वायूतल्या ऑक्सिजनचा आकडा वाढलेला पाहून वरिष्ठांनी जे सुनावले ते मी घरी कधी सांगितले नाही.

कागदपत्रांत माझे सात महिने गेले. जुन्या कंपनीने दिलेल्या अनुभवपत्रात 'देखभाल विभागात समाधानकारक काम केले' एवढे एकच वाक्य होते, आणि ते वाचून इथल्या पात्रतेच्या मूल्यमापनात मला अभियंता न धरता मेकॅनिक धरले गेले. पुन्हा पत्र मागितले, तेव्हा असे पत्र देण्याची पद्धत नाही, असे उत्तर आले. तुम्ही राजीनामा देण्याआधीच ओव्हरहॉलचे (इंजिन पूर्ण उघडून केलेल्या दुरुस्तीचे) नियोजन, बिघाडांच्या मूळ कारणांचा शोध, हाताखालची माणसे, इंजिनांची क्षमता हे सारे तपशीलवार लिहून घ्या; माणूस निघून गेल्यावर त्याच्यासाठी कोणी लेखणी उचलत नाही.

एकटेपणाबद्दल तुम्ही दोन ओळी लिहिल्या आहेत. तो असतो. बरीच केंद्रे माणसांविना चालतात, तुम्ही एकटेच जाता, आणि एकट्याच्या सुरक्षेसाठी कमरेला लावलेले यंत्र ठरावीक वेळाने वाजते, त्याचे बटण दाबले नाही तर नियंत्रण कक्षातून फोन येतो. याची सवय होते.

मुलीचा प्रश्न मात्र मला टाळता येत नाही. आमचा मुलगा आठ वर्षांचा होता आणि इथल्या शाळेने भाषेचे कारण देऊन त्याला एक इयत्ता खाली बसवायचे ठरवले. त्या बैठकीला मी जाणार होतो, पण सकाळी इंजिन ट्रिप झाल्याचा, म्हणजे आपोआप बंद पडल्याचा, संदेश आला आणि मी केंद्रावर गेलो. पत्नी एकटी गेली, तिची भाषा तेव्हा मुलाइतकीच कच्ची होती, आणि तिने सही केली. बिघाड म्हणजे नळीतले साठलेले पाणी होते, वीस मिनिटांत काढून झाले. संध्याकाळी मी तिला म्हणालो की एका वर्षाने काय बिघडते. गणितात पुढे असलेला मुलगा वर्षभर येणारीच गणिते सोडवत बसला, आणि माझे ते वाक्य ती विसरलेली नाही.

शिवाय कचरा टाकणे बंद झाले की काही वर्षांत वायू घटू लागतो, इंजिने एकेक करून हलवली जातात आणि त्यांच्यामागे आपणही. आम्ही त्यापायी गाव बदलले, म्हणजे शाळाही. मुलाखतीत पगाराच्या आधी विचारा की त्या जागेवर कचरा येणे कधी थांबले आणि किती इंजिने पूर्ण भाराने चालतात. मुलीला वर्षाच्या मध्यात आणू नका, तिच्या वह्या-पुस्तके सोबत आणा, आणि शाळेत बोलावतील त्या दिवशी तुमचा कामाचा फोन सहकाऱ्याकडे देऊन जा.