जुने काडतूस, जुना जिव्हाळा

प्रश्न : अमेरिकेतील उत्तर मिशिगनमधील माझ्या भाच्याचे शेजारी हरणांच्या शिकारीला आजही ‘थर्टी-थर्टी’ काडतुसाचीच रायफल नेतात. वेगवान नवी काडतुसे असताना हे कशासाठी?

उत्तर : विंचेस्टर या अमेरिकी बंदूक कंपनीने १८९५ साली आणलेल्या या काडतुसाच्या नावातील पहिला आकडा नळीचा ०.३० इंच व्यास सांगतो, तर दुसरा मूळच्या ३० ग्रेन (सुमारे दोन ग्रॅम) धूरविरहित बंदुकीच्या दारूचे वजन. दाट रानात हरीण बहुधा १०० यार्डांच्या आतच दिसते. तेवढ्या अंतराला हे काडतूस पुरते आणि खांद्याला धक्काही सौम्य बसतो. जॉन ब्राउनिंग यांनी आखलेल्या १८९४ च्या सडपातळ रायफलमध्ये ही काडतुसे नळीखाली एकामागे एक बसतात. टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या बुडावरील प्रायमरवर (आघाताने ठिणगी पाडून दारू पेटवणाऱ्या टोपीवर) आदळून स्फोट होण्याची भीती असल्याने तिचे टोक चपटे किंवा बोथट ठेवतात, पण त्यामुळेच तिचा वेग लवकर ओसरतो. म्हणून २०० यार्डांपलीकडे ती झाडून जनावर जखमी करून सोडणे आम्हांला अक्षम्य वाटते. शिवाय, धरून धरून पोलादावरचा निळसर मुलामा उडालेली ही रायफल अनेक घरांत आजोबांकडून नातवाकडे आलेली असते, आणि अशी वस्तू सहजासहजी बदलली जात नाही.