फी साडेपाच लाख, पहिला पगार चोवीस हजार

घणसोलीहून एका ताईंचं लांबलचक पत्र आलं आहे. त्याचा गोषवारा असा. मिस्टर महापेच्या एका कारखान्यात आहेत, हातात पगार येतो 58,000, वर्षाचं एकूण उत्पन्न 7 लाख 60 हजारांच्या आसपास. घराचा हप्ता 19,500, अजून सात वर्षं बाकी. घरखर्च 27,000, एसआयपी 4,000. एका सहकारी बँकेत 6 लाखांची मुदतठेव, जूनमध्ये मुदत संपणारी, जिला घरात सगळे 'ताईची एफडी' म्हणतात. ही ताई म्हणजे थोरली लेक. ठाण्याच्या कॉलेजातून मानसशास्त्र घेऊन ती बीए झाली आहे. धाकटा नववीतून दहावीत गेलाय.

मुलीला हॉस्पिटलात समाजसेवेचं काम करायचं आहे. नवी मुंबईतल्या एका खाजगी विद्यापीठात आरोग्य आणि समाजकल्याण विषयातल्या दोन वर्षांच्या एमएला तिला प्रवेश मिळतोय. फी साडेपाच लाख. जागा पक्की करायला दहा दिवसांत 50,000 भरायचे, आणि प्रवेशाच्या फॉर्मवर 'भरलेली रक्कम परत मिळणार नाही' असं छापलेलं आहे. शिवाय तिने दक्षिण मुंबईतल्या एका अनुदानित कॉलेजची एमएसडब्ल्यूची, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीची, प्रवेश परीक्षाही दिली आहे. तिथली फी वर्षाला 38,000, पण यादी अजून लागलेली नाही. मिस्टर म्हणतात एफडी मोडू. दीर म्हणतात कर्ज काढा, आणि काढायचंच तर एमबीएसाठी काढा. त्याच खाजगी कोर्समधून बाहेर पडलेल्या, ओळखीतल्या एका मुलीला पहिली नोकरी 24,000 वर लागली आहे.

ताई, तुम्ही विचारलंय की एफडी मोडू की कर्ज काढू. मी दोन्हीला नाही म्हणतोय, कारण साडेपाच लाख त्या कोर्सवर घालू नयेत असं माझं मत आहे. मुलीने हे क्षेत्र निवडलं त्याबद्दल मात्र माझी काहीच तक्रार नाही. दीरांचा सल्ला इथेच बाजूला ठेवू या. ज्या मुलीला एमबीए करायचंच नाही तिच्यासाठी एमबीएचं कर्ज काढणं, यावर आणखी शाई खर्च करण्यात अर्थ नाही.

आधी कर्जाचा हिशेब बघा. 50,000 तुम्ही भरलेत आणि 5 लाखांचं शैक्षणिक कर्ज काढलंत असं धरू, व्याज साडेदहा टक्के. फी दोन वर्षांत अर्धी-अर्धी जाईल. कोर्सची दोन वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याजाचं मीटर चालूच असतं. तेवढ्या काळात साधं व्याज होतं 1 लाख 31 हजार. ते भरलं नाहीत तर मुद्दलात जमा होतं आणि कर्ज 6 लाख 31 हजारांचं होतं. सात वर्षांत फेडायचं तर हप्ता येतो 10,640 रुपयांच्या घरात. चोवीस हजारांच्या पगारात! म्हणजे शंभरातले चव्वेचाळीस रुपये बँकेचे. आणि हे हप्ते सुरू होतील तेव्हा तुमचा धाकटा नेमका बारावी होऊन फीचे कागद घेऊन समोर उभा असेल.

बँकेतला माणूस तुम्हाला सांगेल की शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर करसवलत मिळते. मिळते, पण फक्त जुन्या करपद्धतीत. नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर तसाही कर लागत नाही. तुमच्या घरात वाचवायला करच नाही, तर सवलत कशावर घेणार?

या क्षेत्राचं अर्थकारण जरा वेगळं आहे, म्हणून थोडं खोलात जातो. इंजिनीअरिंग किंवा मॅनेजमेंटमध्ये कॉलेजच्या नावाचा पगाराशी काही तरी संबंध लागतो. समाजकार्यात फी आणि पगार यांचा संबंध फारसा नाही. हॉस्पिटलचा समाजसेवा विभाग, बालकल्याणाच्या संस्था, एचआयव्ही समुपदेशन केंद्रं, कंपन्यांचे सीएसआर म्हणजे सामाजिक जबाबदारीचे विभाग, यापैकी कुणीच तुम्ही फी किती भरली हे बघून पगार ठरवत नाही. ते बघतात पदवीचं नाव आणि फील्डवर्क. सरकारी रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकासारख्या पदांच्या जाहिरातीत समाजकार्याची पदवी मागितलेली असते. तिथे 'आरोग्य आणि समाजकल्याण' नावाची एमए चालेल का, हे विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेवरून ठरत नाही. मागच्या दोन-तीन जाहिराती काढून शैक्षणिक अर्हतेची ओळ लेकीला शब्दन् शब्द वाचायला सांगा.

दुसरं म्हणजे यातल्या बऱ्याच नोकऱ्या प्रकल्पावरच्या. अकरा महिन्यांचं कंत्राट, मग नूतनीकरण, मग निधी आला तर पुढे. अकरा महिन्यांच्या कंत्राटावर चौऱ्याऐंशी महिन्यांचा हप्ता घेऊ नये, एवढं माझं साधं गणित आहे. डोक्यावर कर्ज असलं की माणूस काम बघून नोकरी निवडत नाही, हप्ता बघून निवडतो. मग हॉस्पिटलात काम करायला शिकलेली मुलगी दोन वर्षांत कॉल सेंटरला किंवा क्रेडिट कार्ड विकायला जाते. अशी मुलं मी पाहिली आहेत, आणि दोष त्यांचा नसतो.

तुमच्या मिस्टरांना हे काम 'नुसती सेवा' वाटतं असं तुम्ही लिहिलंय. त्यांना एकदा कुठल्याही मोठ्या धर्मादाय हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागाबाहेर तासभर बसवा. कायद्याने अशा हॉस्पिटलांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. कागदावर हे सोपं आहे. प्रत्यक्षात नातेवाईक हातात पिशवी घेऊन येतो. त्यात रेशनकार्ड असतं, पण तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला नसतो. ऑपरेशनचा अंदाजपत्रकी खर्च लिहून घ्यायचा हे त्याला ठाऊक नसतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तो आजार बसतो का, बसत नसेल तर निर्धन रुग्ण निधीतून किती सुटेल, उरलेल्यासाठी मुख्यमंत्री सहायता निधीला आणि कुठल्या ट्रस्टला अर्ज करायचा, हे सगळं समाजसेविका एका बैठकीत लावते, आणि मध्येच अकाउंट्सला फोन करून डिस्चार्ज अडवू नका म्हणून भांडते. त्याच बाईला तासाभराने आयसीयूबाहेर कुणाला तरी वाईट बातमीसाठी तयार करायचं असतं. मी पैशांचं नियोजन करून पोट भरतो, पण आठ हजार उत्पन्नाच्या घराला तीन लाखांचं बिल भागवून देणं हे माझ्या कामापेक्षा अवघड नियोजन आहे. मिस्टरांच्या कारखान्यातही विचारा. 1948 च्या कारखाने कायद्याने 500 कामगारांवरच्या कारखान्याला कल्याण अधिकारी सक्तीचा केला होता, आणि नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ती मर्यादा 250 वर आणली आहे. तिथेही समाजकार्य शिकलेली माणसं लागतात.

हे काम वर्गात बसून येत नाही. म्हणूनच एमएसडब्ल्यूत साधारण आठवड्यातले दोन दिवस फील्डवर्क असतं, त्याचं रेकॉर्डिंग लिहावं लागतं, सुपरवायझर ते लाल करून परत देतात. खाजगी विद्यापीठाकडे हाच प्रश्न घेऊन जा: फील्डवर्कचे तास किती, मागच्या वर्षी मुलं कुठल्या हॉस्पिटलात पाठवली, सुपरवायझर पूर्णवेळ आहेत का? वातानुकूलित वर्ग आणि प्लेसमेंट सेलचे फोटो दाखवायला लागले तर समजून जा.

आता त्या 50,000 चं. 'परत मिळणार नाही' हे छापलं म्हणून खरं होत नाही. युजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2018 च्या अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या 15 दिवस आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत द्यावी लागते. त्यातून प्रक्रिया खर्च म्हणून 5 टक्के कापता येतात, तेही जास्तीत जास्त 5,000. तारखेला 15 दिवसांहून कमी उरले असतील तर 90 टक्के, तारीख उलटून 15 दिवसांच्या आत 80 टक्के, त्यापुढे 30 दिवसांपर्यंत 50 टक्के, आणि नंतर काही नाही. मूळ प्रमाणपत्रंही ठेवून घेता येत नाहीत. तेव्हा पैसे भरावेतच असं घरात ठरलं, तर आधी प्रवेशाची अधिकृत शेवटची तारीख ईमेलवर मागवा आणि अनुदानित कॉलेजची यादी त्याच्या आधी लागते का बघा. पैसे बँकेतून भरा, रोख नको.

मी मात्र भरणार नाही. कारण सरळ आहे. अनुदानित कॉलेजच्या यादीत नाव नाही आलं, तरी साडेपाच लाखांचा कोर्स घ्यावा असं मला वाटत नाही. त्यापेक्षा तिने एक वर्ष काम करावं. घरी बसून नव्हे. ठाणे-नवी मुंबईत समाजसेवी संस्था, पुनर्वसन केंद्रं, विशेष मुलांच्या शाळा थोड्या नाहीत. खारघरला बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे. जेमतेम मानधन मिळेल, कदाचित तेही नाही. पण मनोरुग्णाच्या आईशी बोलताना आपल्याला काय होतं हे तिला कळेल, आणि हे काम आपलं नाही असंच कळलं तर साडेपाच लाख वाचले. त्या वर्षात देवनारच्या टिसची, म्हणजे टाटा समाजविज्ञान संस्थेची, तयारीही होईल. 1936 ची ही संस्था घणसोलीहून फार लांब नाही: ट्रान्स-हार्बरने वाशी, तिथून गोवंडी. 2024 पासून तिथले प्रवेश सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेने होतात आणि त्याचे फॉर्म बरेच महिने आधी भरावे लागतात, तेव्हा दिवाळीनंतर डोळा ठेवा. पुन्हा निर्मला निकेतन आहे, एसएनडीटी आहे, मुंबईत पर्यायांची वानवा नाही. एक धोक्याची सूचना: मधल्या काळात कुणी 'घरबसल्या मानसशास्त्रात एमए' म्हणून गळ घातली तर फसू नका. 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून युजीसीने मानसशास्त्र दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवणं बंद केलं आहे.

टिसमध्ये नंबर लागला तर कर्जाबद्दलचं माझं मत थोडं मऊ होईल. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत राष्ट्रीय क्रमवारीतून निवडलेल्या ठरावीक संस्थांसाठी तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं. कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ता सुरू होईपर्यंतच्या काळात, व्याजात 3 टक्के सवलत मिळते. तुम्ही 7 लाख 60 हजारांवर आहात, म्हणजे बसता. तुमच्याकडे ओबीसी दाखला असल्याचं लिहिलंय. राज्य सरकारने 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्यातून वगळली आहेत, म्हणजे त्या साडेपाच लाखांतला एक रुपया सुटणार नाही. अनुदानित कॉलेजच्या कार्यालयात मात्र विचारा, तुमच्या लेकीचा कोर्स महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, कुठल्या योजनेत बसतो. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढायला टाका, जून-जुलैत सेतू केंद्रात पाय ठेवायला जागा नसते.

समजा अनुदानित कॉलेजात नाव आलं आणि कुठलीच सवलत मिळाली नाही. दोन वर्षांची फी 76,000. रेल्वेचा पास, खाणं, फील्डवर्कचं येणं-जाणं, झेरॉक्स, महिन्याला 4,500 धरले तर बावीस महिन्यांचे 99,000. एकूण पावणेदोन लाख. तुमच्याकडे सगळे खर्च जाऊन महिन्याला 7,500 उरतात. त्यातले 4,500 तिच्या हातात द्या, उरलेल्या तीन हजारांतून वर्षाची फी जवळजवळ निघते. एफडीला हात लावायची वेळच येत नाही.

मग एफडीचं काय? इथे माझा आग्रह आहे. या क्षेत्रात पैसा फीसाठी कमी आणि पहिल्या तीन-चार वर्षांसाठी जास्त लागतो. पगार कमी, काम कदाचित पालघरला किंवा तुळजापूरला, खोलीचं भाडं वेगळं, दोन कंत्राटांमध्ये तीन महिन्यांची फट. त्या काळात महिन्याला चार-पाच हजारांचा टेकू मिळाला तर ती हवं ते काम धरून ठेवू शकेल. 2 लाख त्यासाठी बाजूला काढा. तुमच्या घरात आणीबाणीचा पैसा दिसत नाही. खर्च आणि हप्ता मिळून महिन्याला 46,500 लागतात, म्हणून चार महिन्यांचे म्हणजे साधारण 2 लाख त्यासाठी वेगळे. उरलेले 2 लाख तिच्याच नावावर पुढे राहू द्या. तिने स्वस्त कॉलेज घेतलं म्हणून वाचलेला पैसा धाकट्याच्या क्लासकडे वळवू नका. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण असं बऱ्याच घरांत होतं आणि मुली ते बोलून दाखवत नाहीत. धाकट्यासाठी एसआयपी आहे, तिला नंतर वाढवता येईल. मिस्टरांचा टर्म इन्शुरन्स आहे की नाही ते पत्रात नाही. नसेल तर शिल्लक राहणाऱ्या रकमेतून आधी तो घ्या, गृहकर्जाइतका तरी.

शेवटी बँकेचं काम. ठेव विमा एका बँकेत एका माणसाला व्याजासकट 5 लाखांपर्यंतच असतो, आणि तुमचे 6 लाख एकाच सहकारी बँकेत आहेत. जूनमध्ये मुदत संपतेय तर आपोआप नूतनीकरणाची सूचना आजच रद्द करून या, आणि जूनमध्ये 2-2 लाखांच्या तीन पावत्या करा. त्यातली आणीबाणीची एक पावती दुसऱ्या बँकेत, तुम्ही आणि मिस्टर दोघांच्या नावावर, दोघांपैकी कुणालाही काढता येईल अशी. लेकीच्या दोन्ही पावत्या तिच्या नावाने करा, आणि सहीला तिलाच बँकेत घेऊन जा.