तारीख चुकली, दावा काढून टाकला: सरांना कसं सांगू?

ताई, तुम्ही साताऱ्यात वकिलांकडे कारकून आहात. कोरेगावच्या दाव्याची १२ तारीख डायरीत २१ अशी पडली, वादीतर्फे कुणी हजर नाही म्हणून कोर्टाने दावा काढून टाकला, आणि सरांना अजून पत्ता नाही. राजीनामा द्यावा का, असं विचारलंय.

सांगलीच्या कोर्टात माझी बरीच वर्षं याच कामात गेली, म्हणून स्पष्ट सांगतो. सरांना आजच सांगा. प्रतिवादी हजर असताना दावा असा निघाला, तर त्याच कारणावर नवा दावा घालता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ९ नियम ९ खाली रिस्टोरेशनचा, म्हणजे दावा परत चालू करून घेण्याचा, अर्जच करावा लागतो आणि त्याला मुदत ३० दिवसांची, दावा काढल्याच्या तारखेपासून. ती उलटली की मुदत कायद्याच्या कलम ५ खाली विलंब माफीचा अर्ज आला आणि इतके दिवस काय करत होता याचा खुलासा आला. तुम्ही भीतीपोटी गप्प बसाल तो प्रत्येक दिवस पक्षकाराच्या खात्यातून जातो.

सांगायला जाताना एक कागद न्या: दाव्याचा नंबर, रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या कामाच्या नोंदीत) त्या दिवशी काय लिहिलंय, मुदत कधी संपते. सोबत कोर्टाच्या हुकमाची नक्कल मिळवण्याचा अर्ज भरून ठेवा. सर चिडतील, चिडू द्या. थोड्या वेळाने त्यांना लागणार आहे तो हाच कागद.

अर्जाला बहुधा तुमचं प्रतिज्ञापत्र जोडतील. त्यात घडलं तेवढंच लिहा. डायरीच्या पानावर खाडाखोड नको, व्हाइटनर तर मुळीच नको. तेच पान तुमच्या बाजूने बोलणार आहे. 'आजारी होते असं लिहू' असं कुणी सुचवलं तर नाही म्हणा. उलट बाजूही सांगतो: वकील स्वतः विसरले तरी कारकुनाच्या नावावर खपवायची रीत काही ऑफिसांत आहे. मला ती अजिबात पटत नाही. न केलेल्या चुकीवर सही करू नका.

रफिक विरुद्ध मुन्शीलाल या १९८१ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय, वकिलाच्या कसुरीची शिक्षा निर्दोष पक्षकाराला नको. सर त्याचा आधार घेतीलच. तरी कारण खरं आहे का आणि अर्ज वेळेत आला का, हे कोर्ट बघतंच.

सरांची माफी एकदाच मागा. रोज मागितली की समोरच्याला रोज चूक आठवते. त्याऐवजी डायरीत तारखेपुढे वार लिहायला लागा. १२ ला मंगळवार असेल तर २१ ला गुरुवार येतो. वार लिहिताना हात तिथंच अडखळतो. संध्याकाळी ई-कोर्ट ॲपवर सीएनआर नंबर (प्रत्येक दाव्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकून पुढची तारीख ताडून पाहा. ॲपवर नोंद कधी उशिरा चढते, म्हणून शंका आली की रोजनामा बघायचाच. दर शनिवारी पुढच्या आठवड्याचं बोर्ड, म्हणजे कोणत्या दिवशी कोणते दावे आहेत त्याची यादी, लिहून सरांच्या टेबलावर ठेवा, त्यांनी मागायची वाट बघू नका.

राजीनाम्याचं आत्ता मनातून काढा. अर्जाचा निकाल लागेपर्यंत त्या ऑफिसला तुमची गरज आहे. शिवाय साताऱ्यात सगळे कारकून एकमेकांना ओळखतात. पुढच्या ठिकाणी 'आधीचं का सोडलं?' हा प्रश्न येणारच, आणि दावा परत बोर्डावर आल्यानंतर त्याचं उत्तर देणं खूप सोपं जाईल.