बीएएमएस झालेल्या बहिणीने ॲम्ब्युलन्सवरची नोकरी घ्यावी का?

तुम्ही विचारलंय की बहीण नुकतीच बीएएमएस (आयुर्वेदाची डॉक्टर) झाली, नागपुरात १०८ च्या ॲम्ब्युलन्ससाठी मुलाखत आहे, आणि घरात काका म्हणतात, "गाडीत बसून पेशंट पोचवायचा, ही काय डॉक्टरकी झाली?" काम कसं असतं, मुलीला सुरक्षित आहे का आणि पगार किती, असे तुमचे तीन प्रश्न. पगाराचं मुलाखतीतच विचारा. बाकीचं लिहायला बसले, कारण काकांचं हे वाक्य मी माझ्या सासरी जेवणाच्या पंगतीत ऐकलंय आणि ते आजही मला लागतं.

मीही बीएएमएसच. नागपुरातच ॲम्ब्युलन्सवर बरीच वर्षं काढली. ड्यूटीवर आल्या आल्या आधी ऑक्सिजन सिलिंडरचा काटा बघायचा, मग घशातला स्राव ओढणारं सक्शन मशीन, घशात बघायच्या लॅरिंगोस्कोपचा दिवा, हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या एईडीची बॅटरी, ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांवरची तारीख. आधीच्या ड्यूटीवाल्याने बघितलंच असेल असं धरून चालणाऱ्याने या कामात येऊच नये. उन्हाळ्यात आणखी एक काम वाढतं. गाडी उन्हात उभी राहिली की सलाईनच्या बाटल्या हाताला चटका बसेल इतक्या तापतात, म्हणून दोन-चार बाटल्या बर्फाच्या पेटीत ठेवायच्या. कॉल आला की पत्ता मिळतो "हनुमान मंदिराच्या मागं", आणि अशी मंदिरं या शहरात गल्लोगल्ली आहेत. महाल-इतवारीच्या बोळात गाडी शिरत नाही. मग बॅग खांद्यावर, सिलिंडर एका हातात, स्ट्रेचरचं एक टोक दुसऱ्या हातात. वाट न देणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीपासून दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, तरी सीताबर्डीच्या गर्दीत सायरन ऐकून पुढची स्कूटी हलेलच असं नाही.

आता तो दिवस सांगते. मे महिना, नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू झालेला. नागपूरचं ऊन नागपूरकरांना काय सांगायचं, २३ मे २०१३ ला इथं ४७.९ अंश नोंदले गेलेत. त्या दिवशी एवढं नव्हतं, पण दुपारी तीनला कळमना मार्केटातून कॉल आला: ट्रकमध्ये माल भरता भरता हमाल पडला, झटके येतायत.

पोचलो तेव्हा तो मिरचीच्या गोण्यांच्या थप्पीला टेकवलेला. हवेत मिरचीचा खकाणा, सगळेच ठसकत होते. कोणी त्याच्या नाकाशी कांदा धरलेला, आणि एक म्हातारे बाबा आवळलेल्या दातांच्या फटीतून कैरीचं पन्हं ओतत होते. मी आधी तो पेला बाजूला सारला. शुद्धीतल्या माणसाला पन्हं द्या, जरूर द्या. बेशुद्ध माणसाला पाजलं की ते सरळ फुप्फुसात जातं. आणि ते बाबा मला सांगत होते, "बाई, घाम येऊन राह्यला त्याले, म्हणजे ऊन नाही लागलं, मिरगीच हाय." अंगमेहनत करताना ज्याला ऊन लागतं त्याला घाम असूही शकतो. अंग कोरडं ठणठणीत असेल तरच उष्माघात, हे डोक्यातून काढून टाका. तापलेलं अंग आणि त्याबरोबर असंबद्ध बोलणं, झटके किंवा बेशुद्धी, एवढं दिसलं की उष्माघात धरूनच चालायचं.

काखेतलं तापमान अशा वेळी फसवं येतं, ते गुदद्वारातूनच घ्यावं लागतं. दोघांना दुपट्टा धरून आडोसा करायला सांगितलं. थर्मामीटरने आकडा दाखवलाच नाही, नुसतं इंग्रजी एच. म्हणजे त्याच्या मापाच्या वर. साखर तपासली, ती ठीक होती. झटक्यांसाठी मिडाझोलाम दिलं.

आणि इथं सगळे माझ्यावर ओरडायला लागले. "मॅडम, टाइमपास काहून करून राह्यल्या? मेयो इथंच तर हाय, घाला ना गाडीत!" (मेयो म्हणजे इथला सरकारी दवाखाना.) त्याच्या पुतण्याने माझा दंड धरला. माझे पायलट मध्ये उभे राहिले (गाडी चालवणाऱ्याला आमच्यात पायलटच म्हणतात) आणि शांतपणे म्हणाले, "भाऊ, मॅडम सांगतात तेवढं कर, मग मी गाडी उडवत नेतो." सुरक्षिततेचं तुम्ही विचारलंत ना, त्याचं माझं उत्तर हेच. पायलट चांगला असेल तर बाई रात्री दोनला कुठल्याही वस्तीत जाऊ शकते. तो चांगला नसेल तर दिवसाही कठीण.

मला माहीत होतं की हा माणूस प्रवासात वाचणार नाही. उष्माघातात मेंदू, यकृत, मूत्रपिंड किती बिघडणार हे ठरतं ते शरीर किती वेळ तापलेलं राहिलं यावर. पहिल्या अर्ध्या तासात तापमान एकोणचाळीस अंश सेल्सियसच्या खाली आलं तर माणूस बहुतेक वेळा हाती लागतो. मेयोपर्यंत दहा-पंधरा मिनिटं, मग उतरवणं, केसपेपर, हातातून हातात देणं. कुठल्याही दवाखान्यात यात वेळ जातोच. तोवर तो तापलेलाच राहणार. थंड करण्यासाठी लागतं पाणी, बर्फ आणि वारा, आणि या तिन्ही गोष्टी मार्केटात समोर होत्या.

गोण्यांवरची एक ताडपत्री ओढून घेतली. त्याचा सदरा कात्रीने कापला, त्याला ताडपत्रीवर झोपवलं आणि मघाशी ओरडणाऱ्यांनाच चारही कोपरे उचलून धरायला लावले. मध्ये खोलगट झालं त्यात टाक्याचं पाणी बादल्यांनी ओतलं. फाटकाशी रसवंती होती, तिथली बर्फाची अख्खी लादी पुतण्यानेच खांद्यावरून आणली आणि मापाच्या वजनाने फोडली. तुकडे मानेशी, काखांत, जांघेत. अडत्याच्या दुकानातला मोठा कूलर बाहेर काढून त्याच्यावर रोखला. आपल्याकडची हवा मे महिन्यात कोरडी असते, त्यामुळे अंगावरचं पाणी झपाट्याने उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. मी डोक्याशी, मास्कमधून ऑक्सिजन चालू, एक हात जबड्याखाली. दुसऱ्या हाताने पेटीतलं गार सलाईन लावून घेतलं. ताडपत्री धरणारे ती हलवत होते, म्हणजे पाणी अंगाभोवती फिरत राहील. मधून मधून तापमान घेत होते. आधी आकडा दिसायला लागला, मग तो उतरायला लागला. पंचवीसेक मिनिटांत एकोणचाळीसच्या खाली आला. त्याने डोळे उघडले आणि मला जी शिवी घातली तिच्याइतकं गोड मी त्या महिन्यात काही ऐकलं नाही. मग गाडीत घेतला, बर्फ बरोबर ठेवला, दवाखान्यात आधीच फोन केला.

लघवी काळ्या चहासारखी होत होती, स्नायू फुटलेले. मूत्रपिंडाला मार बसला होता. काही दिवस वॉर्डात राहिला, पण डायलिसिस लागलं नाही, आणि चालत घरी गेला.

आता पंगतीचं. माझे मोठे भाऊजी एमडी आहेत, स्वतःचं हॉस्पिटल आहे. हे सगळं ऐकून ते म्हणाले, "दवाखाना एवढ्या जवळ असताना तू रस्त्यावर बसून राहिलीस? गोल्डन अवर शिकवला नाही वाटतं तुम्हाला. ॲम्ब्युलन्सवाल्यांचं काम उचलून आणायचं, ट्रीटमेंट आम्ही बघतो." त्यांचा मान म्हणून मी तेव्हा गप्प राहिले. इथं सांगते. गोल्डन अवर, म्हणजे पहिल्या तासात दवाखाना गाठायचा, हा शब्द अपघाताच्या जखमींसाठी आला, तिथं रक्तस्राव थांबवायला सर्जन लागतो. उष्माघातात आधी थंड करा, मग हलवा, हा जगभर मानलेला नियम आहे. मैदानावर कोसळणाऱ्या धावपटूंना जागेवरच बर्फाच्या पाण्यात बसवतात ते याचसाठी. पॅरासिटामॉल इथं चालत नाही हे भाऊजींनाही माहीत आहे. तापात मेंदूच शरीराचं तापमान वर चढवतो म्हणून गोळी लागू पडते, उष्माघातात ती यंत्रणाच कोलमडलेली असते. म्हणजे जो उपचार ते हॉस्पिटलात करणार होते तोच मी ताडपत्रीवर केला, आणि अर्धा तास आधी केला. महाराष्ट्राने २०१४ मध्ये १०८ सुरू केली तेव्हा गाडीत डॉक्टर बसवायचा निर्णय घेतला. आणि तो डॉक्टर बहुतेक वेळा आपल्यासारखा बीएएमएस असतो. उचलून आणायचंच असतं तर डॉक्टर कशाला बसवला असता?

मात्र हे वाचून कोणी प्रत्येक पेशंटजवळ थांबू नका. पोटात मार, छातीत मार, वाहतं रक्त: दाब द्या आणि निघा. तोंड वाकडं झालं, हात गळाला (म्हणजे पक्षाघात) तर मेंदूतली गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनला साडेचार तासांचीच मुदत असते, तिथं एक मिनिट घालवू नये. छातीत कळ असेल तर ईसीजी काढून लगेच हलायचं. आणि थंड करायचं म्हणजे ज्याला हे येतं त्यानेच नाही, तुम्हीही करा. १०८ ला फोन लावून गाडी येईपर्यंत सावलीत ओढा, पाणी ओता, वारा घाला. तोंडात काही ओतू नका, एवढंच.

बहिणीने नोकरी घ्यावी, माझं स्पष्ट मत आहे. दोन-तीन वर्षांत ती जे शिकेल ते क्लिनिकमध्ये सर्दी-खोकला बघून वीस वर्षांत शिकणार नाही. पुढे तिला कायम हेच करायचं नसलं तरी चालेल. पाठदुखी मागं लागते हेही खरं, म्हणून स्ट्रेचर गुडघ्यात वाकून उचलायचं पहिल्या दिवसापासून शिकायला सांगा. मुलाखतीत विचारा की गाडी जिथं उभी राहते तिथं बायकांसाठी संडास आणि आडवं व्हायला खोली आहे का. हिपॅटायटिस-बीची लस घेतलेली नसेल तर आत्ताच सुरू करा, पहिला डोस, महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा, म्हणजे रुजू होईपर्यंत निदान दोन झालेले असतील. आणि काकांना अजून शंका असेल तर त्यांनी मलाच विचारावं.